वटवाघळांचा रविवारचा वर्ग

रविवारी सकाळी सरांचा उजवा कान उंदराने कुरतडला.

सर तेव्हा आतल्या खोलीत दाढी करत होते. बाहेरच्या खोलीतून काकूंचा आवाज आला, "अहो, उंदरानं तुमचा कान खाल्ला!"

सरांनी आरशात पाहिलं. दोन्ही कान जागेवर होते. एकावर थोडा साबण होता, एवढंच.

"पान?" त्यांनी ओरडून विचारलं. "कुणी पान खाल्लं?"

"पान नाही, कान! तुमचा पुठ्ठ्याचा कान!"

मग मात्र सर अर्ध्या दाढीनिशी धावत बाहेर आले.

सर शाळेत विज्ञान शिकवायचे. शाळेतून ते निवृत्त झाले, पण शिकवण्याची खोड काही निवृत्त झाली नाही. म्हणून दर रविवारी सकाळी गल्लीतली मुलं त्यांच्या बाहेरच्या खोलीत जमत. वर्गाला फी नव्हती. अट एकच: येताना प्रत्येकाने एक प्रश्न आणायचा. आठवडाभर सर त्या रविवारच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले असत. काकू म्हणायच्या, "ह्यांचा आठवडा एकाच वाराचा आहे. बाकीचे वार आपले रांगेत उभे असतात."

तो पुठ्ठ्याचा कान त्या वर्गाचं वैभव होता. आकाराने टोपलीएवढा. कानाचा पडदा पतंगाच्या कागदाचा, पडद्यामागची तीन इवली हाडं काड्यापेटीतल्या काड्यांची, आणि सगळ्यात आत गोगलगायीच्या शंखासारखी गुंडाळलेली नळी, दोरी आणि कणकेच्या खळीची. उंदराने पडदा सोडला, हाडं सोडली आणि शंख तेवढा फस्त केला.

"नेमका शंख!" सर हळहळले. "अगं, ऐकण्याचं खरं काम तिथेच तर चालतं!"

"त्याला काय माहीत? खळ होती, खाल्ली. मी पिंजरा आणते."

"पिंजरा नको. माझ्या वर्गात आजवर कुणाला शिक्षा झालेली नाही."

"तो उंदीर आहे. विद्यार्थी नाही."

"रोज वर्गात असतो," सर म्हणाले. "काहींपेक्षा नियमित आहे."

संध्याकाळी सर विजेच्या दुकानातून एक यंत्र घेऊन आले. साबणाच्या वडीएवढं, पांढरं, पुढे बारीक जाळी आणि एक हिरवा दिवा. पुस्तकांच्या कपाटामागे, कोपऱ्यातल्या जमिनीलगतच्या प्लगमध्ये त्यांनी ते खोचलं, कपाट परत भिंतीला सरकवलं आणि हात झटकले.

"झालं. आता उंदीर आपण होऊन जाईल."

काकूंनी कान देऊन ऐकलं. "ह्याच्यातून तर काहीच येत नाहीये."

"येतंय! ऐकू येत नाही, एवढंच. हे बघ, ढोलाचं कातडं सावकाश थरथरतं, म्हणून त्याचा आवाज जाड. डासाचे पंख फार भराभर थरथरतात, म्हणून त्याचा आवाज बारीक. थरथर जितकी जलद, तितका आवाज बारीक. सेकंदाला वीस हजारांच्या वर थरथर गेली, की आपला कान हात टेकतो. पण आवाज असतोच! कुत्र्याला ऐकू येतो, उंदराला येतो, वटवाघळाला तर फारच छान येतो. त्याला म्हणतात श्राव्यातीत ध्वनी. श्राव्य म्हणजे ऐकू येण्यासारखं, अतीत म्हणजे त्याच्या पलीकडचं."

"म्हणजे मी ह्या घरात बोलते तसं," काकू म्हणाल्या. "चहा घेताय?"

"हा? हा कोण?"

काकूंनी सुनेकडे पाहिलं. सुनेने काकूंकडे पाहिलं.

हे अलीकडे वरचेवर व्हायला लागलं होतं. 'चहा' म्हटलं की सरांना 'हा' ऐकू येई. परवा काकू म्हणाल्या, "सून आली हो," तर सर खिडकीबाहेर बघून म्हणाले, "ऊन? दिवेलागण झाली, आता कुठलं ऊन?" सुनेने कानाच्या डॉक्टरांची वेळ दोनदा घेतली, सरांनी दोनदा रद्द केली. "माझे कान ठणठणीत आहेत," ते म्हणत. "तुम्ही सगळे हल्ली पुटपुटायला लागला आहात. स्पष्ट बोलत जा. शब्दाचं पहिलं अक्षर गिळू नका."

पुढच्या रविवारी वर्ग भरला. खोली गच्च भरली होती. पुढे सरांची नात बसली होती. ती एका जागी बसतच नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. शेजारी तिची मैत्रीण. तिचं खरं नाव सरांनाही आठवत नसे. ती सतत काहीतरी विचारत असे, म्हणून तिचं नाव प्रश्नचिन्ह. मागे चष्मिस, त्याच्यामागे वाण्याचे जुळे, आणि बाकीची फौज.

सरांनी फळ्यावर 'श्राव्यातीत' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं, आवाजाच्या थरथरीचं सगळं समजावून सांगितलं आणि मग नाटकी ढंगाने कपाटाकडे बोट केलं. "आत्ता, ह्या क्षणी, ह्या खोलीत एक आवाज चालू आहे. माणसाला तो ऐकूच येणार नाही. शांत बसा आणि बघा!"

मुलं शांत बसली. भिंगरीने नाक मुरडलं. जुळ्यांपैकी एकाने एका कानावर हात ठेवला, दुसऱ्याने दुसऱ्या.

"आजोबा," भिंगरी म्हणाली, "टीईईई असं वाजतंय."

"हा मनाचा खेळ," सर प्रेमाने म्हणाले. "मी आवाज आहे म्हणालो, म्हणून तुला वाटतंय. ज्याला हा आवाज ऐकू येतो तो माणूस नव्हेच, तो वटवाघूळ! काय? आहे का कुणी इथे वटवाघूळ?"

सर स्वतःच्या विनोदावर खळखळून हसले. मुलंही हसली, पण जरा उशिरा आणि एकमेकांकडे बघत. हात कुणीच वर केला नाही. भर वर्गात आपण माणूस नाही हे कोण कबूल करणार?

इथून गोष्ट बिघडायला सुरुवात झाली. पहिली झळ लागली सुनेला.

सून एका प्रकाशनासाठी मुद्रितं तपासायची, आणि तिचं टेबल त्याच खोलीत होतं. यंत्र लावल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच तिला वाटायला लागलं होतं, की कुठेतरी बारीक शिट्टीसारखं काहीतरी वाजतंय. ते इतकं बारीक, की आहे म्हणावं तर नाही आणि नाही म्हणावं तर डोकं दुखतंय. यंत्रावर तिचा संशय गेला नाही. ते माणसाला ऐकू येत नाही असं खुद्द बाबांनी सांगितलं होतं, आणि विज्ञानाच्या बाबतीत ह्या घरात बाबांचा शब्द शेवटचा होता.

तिने फ्रिजवर संशय घेतला. फ्रिजवाला आला. चांगला पिकल्या केसांचा गडी. त्याने फ्रिजला कान लावला, मागून लावला, खाली झोपून लावला.

"ताई, फ्रिज गप्प आहे."

"अहो, मग वाजतंय काय?"

"मला तर काहीच येत नाही ऐकू. पण तुम्ही म्हणताय तर उघडून बघतो."

त्याने उघडून बघितलं. तोवर निमूट असलेला फ्रिज त्या दिवसापासून घरघरायला लागला. शिट्टी होती तशीच राहिली.

मग सुनेने ट्यूबलाइट काढून ठेवली. मग टीव्हीची वायर उपसली. मग भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. खोली हळूहळू अंधारी झाली, घरात वेळ कळेनाशी झाली आणि काकूंची संध्याकाळची मालिका बुडाली.

"काय गं, सगळं घर बंद करतेस की काय?"

"आई, तुम्हाला खरंच काही ऐकू येत नाही?"

"तुझा फ्रिज येतो."

शेवटी सून स्वतःच कानाच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी तिला काचेच्या खोलीत बसवून बारीक बारीक आवाज ऐकवले आणि म्हणाले, "पस्तिशीच्या पुढे असे कान मी क्वचित पाहिले आहेत. विशीतले कान आहेत तुमचे."

सून आनंदाने घरी आली. जिना चढता चढता तिचा आनंद ओसरला. कान चांगले आहेत, तर मग बिघडलंय काय? डोकं? तिने कुणाला काही न सांगता कानात कापसाचे बोळे घातले आणि कामाला बसली. आता सरांना ऐकू येत नव्हतं आणि सुनेला ऐकायचं नव्हतं. फ्रिजच्या वर आवाज काढून काकू एकट्या बोलत होत्या. घरात भांडण म्हणून उरलं नाही.

दुसरी तक्रार घेऊन शेजारचे वकील आले. वकिलांकडे एक तांबूस, लोंबत्या कानांचा कुत्रा होता. त्याचं नाव त्यांनी हौसेने 'अपील' ठेवलं होतं.

"सर, अपील तुमच्या दारावरून पुढे जायला तयार नाही," वकील म्हणाले. "दाराशी आला की बसकण मारतो आणि विव्हळतो. काल मी त्याला कडेवर घेऊन जिना उतरलो. पक्षकार बघत होते!"

सरांचा चेहरा उजळला. "वा! वा! म्हणजे यंत्र उत्तम चाललंय. कुत्र्याला ऐकू येतंय! अगं, ऐकलंस का, पुरावा मिळाला!"

"पुरावा तुमचा, पण पाठ माझी धरली आहे," वकील म्हणाले. "मी नोटीस पाठवीन."

"जरूर पाठवा. मुलांना वाचून दाखवतो."

पण सरांचा हा आनंद टिकला नाही. कारण तिसरी झळ थेट वर्गाला लागली.

पुढच्या रविवारी चष्मिस आला नाही. त्याचं पोट दुखत होतं. जुळ्यांची पोटंही दुखत होती. त्यानंतरच्या रविवारी आणखी काहीजण गळाले. जे आले ते पार दाराशी, चपलांच्या शेजारी दाटीवाटीने बसले, आणि सरांनी "पुढे या, पुढे या" म्हटलं की आणखी मागे सरकले.

सरांनी काकूंना काही सांगितलं नाही. पण ते रात्री पाठ तयार करायला बसू लागले. सोपे शब्द शोधू लागले. आरशासमोर उभं राहून विनोदांचा सराव करू लागले. सांगण्यासारखं त्यांच्याकडे खूप होतं. चष्म्याच्या दुकानात पाण्याच्या भांड्यात चष्मा बुडवतात आणि तो आपोआप स्वच्छ होतो, तो कसा? तर असला न ऐकू येणारा आवाज पाण्यात सोडला, की कोट्यवधी इवले बुडबुडे तयार होतात आणि फुटतात, आणि फुटताना मळ उडवून लावतात. सरांचा मुलगा जहाजावर नोकरीला होता. ते जहाज समुद्राच्या तळाकडे आवाज पाठवायचं आणि तो आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी किती खोल ते ओळखायचं. वटवाघूळ अंधारात हेच करतं.

इतकं सगळं रंगवून सांगावं आणि समोर कोण? एकटी भिंगरी. दोन आठवड्यांत वर्ग तिच्यावर आला.

पण भिंगरीचं वागणं मोठं चमत्कारिक झालं होतं. एरवी ती एका तासात एक प्रश्न विचारायची, आता प्रश्नांची सरबत्ती करायची. आणि उत्तर मिळालं रे मिळालं, की उठायची.

"आजोबा, पोटातल्या बाळाचा फोटो आवाजाने काढतात?"

"हो. सोनोग्राफी म्हणतात ती हीच. न ऐकू येणारा आवाज पोटावरून आत सोडायचा. तो बाळावर आपटून परत येतो, आणि त्या प्रतिध्वनींवरून यंत्र चित्र काढतं."

"आलेच!" म्हणून भिंगरी मागच्या दारातल्या जिन्याने खाली पळाली. दोन मिनिटांनी धापा टाकत परत आली.

"पण आजोबा, मग माझ्या भावाचा पहिला फोटो कॅमेऱ्याने काढलेलाच नाही?"

"तुला भाऊ कुठे आहे?"

भिंगरी गडबडली. "म्हणजे... असता तर!" आणि पुन्हा पळाली.

"पोरीचं पोट बिघडलंय," काकूंनी निदान केलं. त्या दुपारी भिंगरीला एक कडू औषध प्यावं लागलं. ती ते एक शब्दही न बोलता प्यायली. एरवी तिने घर डोक्यावर घेतलं असतं.

शनिवारी रात्री काकू पाणी प्यायला उठल्या, तर बाहेरच्या खोलीत मेणबत्ती. ट्यूबलाइट तर सुनेने काढलेलीच होती. सर फडक्याने फळा पुसत होते. फळा आधीच स्वच्छ होता.

"अहो, काय करताय?"

"काही नाही. अगं, मी कंटाळवाणा झालोय का?"

काकूंना पटकन एक टोमणा सुचला होता. त्यांनी तो गिळला.

"मुलं आहेत, येतील."

"नाही येणार. मुलांना खोटं बोलता येत नाही. कंटाळा आला की ती उठून जातात, आणि तेच बरोबर आहे. उद्या शेवटचा तास घेतो, आणि बंद."

त्या वेळी कपाटामागे काहीतरी कुरकुरलं. काकूंना ते स्पष्ट ऐकू आलं. सरांना नाही.

रविवारी सर इस्त्रीचा सदरा घालून उभे राहिले. समोर भिंगरी.

"आज आपला शेवटचा तास," सर म्हणाले. "विचार, काय विचारायचं ते."

भिंगरी "आलेच!" म्हणून अशी सुटली, की मागचं दार भिंतीवर आपटलं. सर खुर्चीत बसले. निरोपाचं भाषण त्यांनी तयार केलं होतं, पण ते एका पळून गेलेल्या नातीला कसं ऐकवणार?

तेवढ्यात मागच्या अंगणातून गलका आला. दार धाडकन उघडलं आणि प्रश्नचिन्ह, चष्मिस, जुळे, सगळीच्या सगळी फौज आत घुसली. प्रत्येकाची बोटं कानात होती. कानात बोटं घातली, की माणूस ओरडूनच बोलतो. त्यामुळे वीसेक मुलं एकदम बेंबीच्या देठापासून ओरडली, "सर, वर्ग बंद करू नका!"

हे सरांना अगदी स्वच्छ ऐकू आलं.

"अरे, पण तुम्ही होतात कुठे?"

"अंगणात!" चष्मिस ओरडला. "दर रविवारी! आम्ही भिंगरीला प्रश्न सांगायचो, ती तुमचं उत्तर आणून द्यायची!"

सरांनी भिंगरीकडे पाहिलं. भिंगरीने काकूंकडे पाहिलं. त्या कडू औषधाची आठवण तिच्या डोळ्यांत होती.

"मग आत का नाही आलात? आणि आधी बोटं काढा ती कानातली!"

"नाही काढणार! वाजतंय!"

"काय वाजतंय?"

मुलांनी एकमेकांना ढोसलं. शेवटी प्रश्नचिन्ह एक पाऊल पुढे आली. तिचा चेहरा रडवेला झाला होता.

"सर, तुम्ही म्हणाला होतात, ज्याला ऐकू येतं तो माणूस नाही. आम्हाला सगळ्यांना येतं. आम्ही सगळे वटवाघळं आहोत."

सर हसले नाहीत. इतकी वर्षं त्यांनी मुलांना एकच गोष्ट शिकवली होती, की कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, करून बघायचं. आणि मुलं करून बघायच्या आधी त्यांनीच सांगून टाकलं होतं. ते उठले. त्यांनी बाह्या सरसावल्या.

"करून बघू," ते म्हणाले. "सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहा. बोटं काढा, डोळे मिटा. मी यंत्र कधी चालू करीन, कधी बंद करीन. आवाज आला की हात वर, थांबला की खाली. अगं, तूही ये. सूनबाई कुठे आहे?"

सून आली. कापसाचे बोळे काढून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. सरांनी कपाट थोडं पुढे ओढलं आणि फटीतून हात घालून आधी बटण बंद केलं, मग चालू केलं.

सगळ्या मुलांचे हात वर गेले. सुनेचाही.

बटण बंद. हात खाली. बटण चालू. हात वर. सरांनी फसवायला बटणाचा नुसता खटका वाजवला आणि चालू केलंच नाही. एकही हात हलला नाही. फक्त काकूंचा हात अर्धवट वर गेला, कारण त्यांनी खटका ऐकला होता.

"बाबा!" सून वळून म्हणाली. "म्हणजे माझं डोकं ठीक आहे!"

"तुझं डोकं उत्तम आहे. फ्रिजची मात्र मी माफी मागतो."

तेवढ्यात उघड्या दारातून तांबूस रंगाचं काहीतरी उड्या मारत आलं आणि सरांच्या पायांशी घोटाळू लागलं. यंत्र ह्या वेळी बंद होतं. मागोमाग हातात पट्टा घेतलेले वकील आले.

"अपील आत कसं आलं?"

"दाखल करून घेतलं," सर म्हणाले.

सगळे हसले. पण प्रश्नचिन्ह नव्हती हसली. तिच्या डोक्यात प्रश्न होता आणि तो विचारल्याशिवाय तिला राहवणार नव्हतं.

"सर, मग तुम्ही हात का नाही वर केला?"

सुनेने मान खाली घातली. काकू एकदम पुढे होऊन म्हणाल्या, "अगं, त्यांचे हात बटणावर होते की नाही..."

"नाही," सर म्हणाले. "प्रश्न चांगला आहे. उत्तर द्यायला हवं."

त्यांनी खडू घेतला. फळ्यावर एक लांब शिडी काढली. "ही आवाजांची शिडी. खाली ढोल, वर डास. सगळ्यात वरच्या पायऱ्या चढायला लहान मुलांचे कान तयार असतात. वय वाढतं, तशी कानाच्या आतल्या त्या शंखात वरची एकेक पायरी मोडत जाते. आधी सगळ्यात वरची, मग तिच्या खालची. हे यंत्र ओरडायला हवं होतं शिडीच्या पलीकडे. ते बिघडलेलं आहे, ते शेवटच्या पायरीवर उभं राहून ओरडतंय. तुम्ही तिथवर चढता. सूनबाई धडपडत चढते. मी..." त्यांनी शिडीच्या बऱ्याच खाली एक छोटी रेघ मारली. "मी इथे उभा आहे. आणि 'च' आणि 'स' ह्या अक्षरांमधली सळसळ राहते इथे, माझ्या वर. म्हणून चहाचा हा होतो आणि सुनेचं ऊन होतं. तुम्ही कुणी पुटपुटत नव्हता."

शेवटचं वाक्य त्यांनी फळ्याकडे बघून म्हटलं, पण ते काकूंसाठी होतं. काकूंनी पदराने उगाच खुर्ची पुसली.

"म्हणजे आम्ही माणसंच?" जुळ्यांनी एका सुरात विचारलं.

"माणसंच. आणि माझ्यापेक्षा चांगली निरीक्षक माणसं. आता हे यंत्र उपटू या."

वकिलांनी एका बाजूने आणि सुनेने दुसऱ्या बाजूने कपाट पूर्ण पुढे ओढलं. आणि सगळे वाकून बघतच राहिले.

चालू यंत्र कोमट राहतं. त्या कोमट यंत्राच्या अंगाला टेकवून, भिंतीच्या कोपऱ्यात, दोरीच्या धाग्यांचं आणि खळीच्या चुऱ्याचं एक छान मऊ घरटं बांधलेलं होतं. सरांच्या कानातला शंख होता तो. आणि त्यात, हिरव्या दिव्याच्या अगदी खाली, एक गलेलठ्ठ उंदीर शांत झोपला होता. त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या.

"हा पळून का नाही गेला?" चष्मिसने कुजबुजत विचारलं. "उंदरांना तर ऐकू येतं ना?"

सर गुडघ्यांवर बसले. त्यांनी उंदराकडे बराच वेळ निरखून पाहिलं. मग त्याच्या डोक्याजवळ टाळी वाजवली. उंदराने कूस बदलली.

"ह्याचीही शिडी मोडली आहे," सर हळू आवाजात म्हणाले. "माझ्याच वयाचा आहे बिचारा."

"मग दोघांनाही नेते डॉक्टरांकडे," काकू म्हणाल्या. "एकाच रिक्षात."

उंदराला घरट्यासकट बुटांच्या खोक्यात घालून मुलांनी वाजतगाजत अंगणाच्या पार टोकाला, लाकडांच्या ढिगाशी नेऊन सोडलं. अपील पुढे चालत होता. त्याला उंदरात काही रस नव्हता, मिरवणुकीत होता. सर मात्र मंगळवारी सुनेबरोबर मुकाट्याने डॉक्टरांकडे गेले. परत आले तेव्हा त्यांच्या दोन्ही कानांमागे वाटाण्याच्या शेंगेएवढी दोन यंत्रं होती. दारातच काकूंनी विचारलं, "चहा घेताय?"

"चहा घेतो," सर म्हणाले, आणि 'च'वर असा काही जोर दिला, की सून स्वयंपाकघरात हसली, आणि तेही त्यांना ऐकू आलं.

पुढच्या रविवारी खोली पुन्हा गच्च भरली. ट्यूबलाइट लागली होती, घड्याळ टिकटिकत होतं, पुठ्ठ्याच्या कानात मुलांनी नवा शंख बसवला होता, खळ भरपूर लावून. जागा पुरेना, म्हणून जुळे खिडकीत बसले होते आणि वकील चक्क मागे उभे राहून ऐकत होते. दार वाऱ्यासाठी उघडं ठेवलं होतं. सर शिकवत होते आणि मुलं एकाच वेळी बोलत होती.

मध्येच सर थांबले. त्यांनी मान जराशी कपाटाकडे कलती केली. कपाटामागून, घड्याळाच्या टिकटिकीखालून, अगदी बारीक कुरकुर येत होती. गलबल्यात एकाही मुलाला ती ऐकू आली नव्हती. सरांना नवीन कानांनी अगदी स्वच्छ ऐकू येत होती: लाकडांच्या ढिगाची थंडी ज्याला सोसली नाही अशा कुणाची तरी.

काकूंनी दारातून विचारलं, "अहो, काय झालं? कपाटामागे काही वाजतंय का?"

"छे," सर म्हणाले आणि फळ्याकडे वळले. "माणसाला ऐकू येण्यासारखं काही नाही."